एक वर्ग, साठ उत्तरपत्रिका: दहावीच्या विज्ञानाचे स्तरनिहाय अध्यापन आणि पेपर लिहिण्याची तयारी

जुलैमधील पहिल्या घटक चाचणीत मी दरवर्षी एक प्रश्न न चुकता ठेवतो: ‘उन्हाळ्यात माठातील पाणी थंड राहते. शास्त्रीय कारण लिहा.’ खानदेशात माठ न पाहिलेले मूल सापडणार नाही, त्यामुळे उत्तर चुकण्याला अनुभवाचा अभाव हे कारण उरत नाही आणि नेमके काय अडते ते उघडे पडते. उत्तरे साधारण तीन प्रकारची येतात. पहिले मूल लिहिते, ‘माठ मातीचा असतो म्हणून.’ दुसरे लिहिते, ‘बाष्पीभवन होते म्हणून.’ तिसरे लिहिते, ‘माठाला बारीक छिद्रे असतात, त्यातून पाणी झिरपते आणि थंड होते.’ दोन गुणांच्या या प्रश्नात तिघांनाही फार तर अर्धा किंवा एक गुण मिळतो आणि गुणांच्या तक्त्यात तिघे शेजारी शेजारी बसतात.

प्रत्यक्षात या तिघांची अडचण एक नाही. पहिल्याला संकल्पनाच ठाऊक नाही. दुसऱ्याला शब्द पाठ आहे, पण त्या शब्दाच्या पोटात काय घडते ते माहीत नाही. तिसऱ्याने निरीक्षण उत्तम केले आहे. बाष्पीभवनाला उष्णता लागते आणि ती माठातील पाण्याकडूनच घेतली जाते, हा एकच दुवा त्याच्याकडून निसटला आहे. तिघांना ‘कच्चे विद्यार्थी’ म्हणून एका बाकावर बसवून तोच पाठ पुन्हा शिकवला, तर तिसऱ्याचा वेळ वाया जातो, दुसऱ्याला वाटते की हे आपल्याला येतेच, आणि पहिल्याला पूर्वीइतकेच कळते. म्हणून स्तरनिहाय अध्यापन करायचे असेल तर मुलांची विभागणी गुणांवरून न करता चुकीच्या प्रकारावरून करावी, असे माझे मत आहे, आणि या लेखातील पुढील सर्व पायऱ्या या एका मतावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: उत्तरपत्रिका गुणांपलीकडे वाचणे

साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक उत्तराचे असे निदान करायला बसलो तर दिवाळी उजाडेल. त्यामुळे घटक चाचणीतील चारच प्रश्न निवडावेत: दोन शास्त्रीय कारणे, एक उदाहरण (म्हणजे गणित) आणि एक आकृती. या चार उत्तरांच्या समासात लाल शाईने एक अक्षर लिहावे. ‘श’ म्हणजे प्रश्नातील किंवा उत्तरातील शब्दच कळलेला नाही, जसे अपवर्तन विचारले असता परावर्तन लिहिणे. ‘क’ म्हणजे कल्पना चुकली आहे. ‘ल’ म्हणजे कळले आहे, पण लिहिता आलेले नाही. ‘ग’ म्हणजे आकडेमोड, चिन्ह किंवा एकक चुकले आहे. ‘वे’ म्हणजे वेळ पुरला नाही. हे ओळखण्यासाठी शेवटच्या पानावरील अक्षर पहिल्या पानाशी ताडून पाहावे, ते फरपटत गेलेले असते.

‘क’ आणि ‘ल’ यांत फरक करणे सर्वांत कठीण असते, कारण कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शंका आली तर मुलाला दोन मिनिटे जवळ बोलावून तोच प्रश्न तोंडी विचारावा. तोंडी उत्तर बरोबर आले तर ती ‘ल’ची चूक. माझा अनुभव असा की ज्यांना आपण ‘काहीच येत नाही’ या वर्गात टाकतो, त्यांतील बरीच मुले या दोन मिनिटांत ‘ल’ गटात सरकतात. ही अक्षरे एका वहीत मुलाच्या नावापुढे नोंदवून ठेवावीत. दोन संध्याकाळी खर्च होतात, पण पुढील तीन महिन्यांचे नियोजन त्या वहीत तयार होते.

येथे माझी एक चूक सांगणे आवश्यक आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गाचे अ, ब, क असे तीन गट करून बाकेच वेगळी केली होती. दर आठवड्याला हात वर करणारी एक मुलगी शेवटच्या, ‘क’ गटात गेल्यापासून हात वर करीनाशी झाली. सहामाहीनंतर तिला ‘ब’ गटात आणले, तरी तो हात वर्षभर खालीच राहिला. तेव्हापासून माझ्या वर्गात कोणताही गट एका पाठापेक्षा जास्त टिकत नाही आणि गटाला नाव नसते. उष्णतेच्या पाठात ‘ल’ गटात असलेले मूल भिंगांच्या पाठात ‘ग’ गटात असू शकते, आणि बहुतेक वेळा असतेच.

दुसरी पायरी: एका तासाचे नियोजन

स्तरनिहाय शिकवायचे म्हणजे तीन वेगळे पाठ काढायचे, अशी समजूत असल्यामुळे अनेक शिक्षक सुरुवातीलाच हात टेकतात. चाळीस मिनिटांच्या तासिकेत तीन पाठ होत नाहीत आणि होण्याची गरजही नाही. प्रयोग सर्वांना एकच द्यावा. प्रयोगानंतरचे काम वेगवेगळे असावे. उष्णता या प्रकरणातील आर्द्रतेचा भाग घेऊन हे दाखवतो, कारण आपल्याकडे याची प्रयोगशाळा घराघरांत खिडकीला टांगलेली असते.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कूलर झकास चालतो. तोच कूलर जुलैच्या उकाड्यात नुसता पंखा होऊन बसतो आणि वर अंग चिकट करतो. असे का, हा प्रश्न फळ्यावर लिहून तास सुरू करावा. दोन तापमापी घ्याव्यात. एकीच्या फुग्याभोवती ओले सुती कापड गुंडाळावे, दुसरी कोरडी ठेवावी आणि वहीच्या पुठ्ठ्याने दोन्हींना पाच मिनिटे वारा घालावा. ओल्या कापडाच्या तापमापीतील पारा खाली उतरलेला दिसतो. हा प्रयोग जूनमध्ये शाळा उघडल्यावर पाऊस लागण्यापूर्वी एकदा आणि ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना पुन्हा एकदा करावा. दोन्ही वेळचा फरक वहीत नोंदवायला सांगावा. हवा कोरडी असताना दोन तापमापींतील अंतर मोठे असते, दमट हवेत ते घटते. एवढे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर सापेक्ष आर्द्रतेची व्याख्या घोकून घ्यावी लागत नाही.

यानंतरची पंधरा मिनिटे वेगवेगळ्या कामांची. ज्यांच्या नावापुढे ‘क’ आहे त्यांनी दोन्ही तापमापींची आकृती काढून उष्णता कोठून कोठे गेली ते बाणाने दाखवायचे आणि मला किंवा बाकावरील सोबत्याला तोंडी सांगायचे, लिहायचे नाही. ‘ल’ असलेल्यांनी कूलरचे कारण तीन वाक्यांत लिहायचे, चौथे वाक्य लिहिण्यास मनाई. ‘ग’ असलेल्यांना एक उदाहरण द्यायचे: एका खोलीतील १ घनमीटर हवेत १२ ग्रॅम बाष्प आहे आणि त्याच तापमानाला ती हवा संपृक्त होण्यासाठी ३० ग्रॅम बाष्प लागते, तर सापेक्ष आर्द्रता किती? बारा भागिले तीस, गुणिले शंभर, उत्तर ४० टक्के. ज्यांना यातले काहीच अडत नाही अशी चार-पाच मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांना पुढचा प्रश्न द्यावा: त्याच खोलीचे तापमान रात्री उतरले, बाष्प मात्र तेवढेच राहिले, तर सापेक्ष आर्द्रता वाढेल की घटेल, आणि पहाटे कपाशीच्या पानांवर दव कोठून येते? या मुलांना इतरांना शिकवण्याच्या कामाला कायमचे जुंपू नये. अधूनमधून शिकवणे त्यांच्याही फायद्याचे असते, पण तीही शिकण्यासाठीच शाळेत आलेली असतात.

तिसरी पायरी: घरची भाषा आणि पेपरची भाषा

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील मूल घरी अहिराणी बोलते, यावल-रावेरकडचे लेवा गणबोली बोलते, आणि नंदुरबारमध्ये धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली व पावरी आणि नवापूरकडे मावची अशा भाषा घराघरांत आहेत. या मुलांसाठी पाठ्यपुस्तकातील मराठी ही निम्मी परकी भाषा आहे, आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात तर तिच्यावर आणखी एक थर चढतो. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो आणि ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’. त्यामुळे ‘गुनसूत्रे’ असे लिहिलेले दिसले म्हणून त्या मुलाला आनुवंशिकता कळली नाही असा निष्कर्ष काढू नये. चूक दुरुस्त जरूर करावी, मात्र विज्ञानाचे गुण त्यासाठी कापू नयेत.

मी वापरतो ती पद्धत साधी आहे. ‘माठनं पानी गार कसाले र्‍हास?’ असा प्रश्न वर्गात अहिराणीतच विचारायचा, उत्तर अहिराणीतच येऊ द्यायचे आणि दोन-तीन उत्तरांतून कारण पूर्ण झाले की वर्गाने मिळून ते प्रमाण मराठीत फळ्यावर उतरवायचे. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पुस्तकी वाक्य आणि मग त्याचा अर्थ, तर मुले वाक्य पाठ करतात आणि अर्थ सोडून देतात. पावरी किंवा मावची मला येत नाही. अशा वर्गात काम करताना त्या भाषेतून आलेले उत्तर दुसऱ्या मुलाने मराठीत सांगावे आणि पहिल्याने ते बरोबर सांगितले की नाही ते ठरवावे, एवढ्यावर मी थांबतो; त्यात दोघांचीही उजळणी होते.

पारिभाषिक शब्द फोडून दाखवावेत. ‘परावर्तन’ म्हणजे मागे फिरणे, ‘अपवर्तन’ म्हणजे वाटेतच वळणे. आरसा आणि पाण्यात वाकडी दिसणारी काठी यांची चित्रे या दोन शब्दांखाली कायम भिंतीवर असावीत. ‘ऑक्सिडीकरण’ आणि ‘क्षपण’, ‘गुणसूत्र’ आणि ‘जनुक’, ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ या जोड्या ‘श’ची अक्षरे सर्वाधिक खेचतात. आठवड्याला एक जोडी घ्यावी, त्याहून जास्त नको.

चौथी पायरी: वेचणीला गेलेले मूल

दिवाळीच्या सुमारास कपाशीची वेचणी सुरू झाली की वर्गातील बाके रिकामी होतात, आणि सातपुड्याच्या पायथ्याची अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. ही गैरहजेरी दरवर्षी येते, म्हणजे तिचे नियोजन जूनमध्येच करता येते. परत आलेल्या मुलाला ‘राहिलेले सगळे वाचून काढ’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय.

दहावीच्या विज्ञानाच्या दोन भागांत प्रत्येकी दहा प्रकरणे आहेत आणि त्यांतील काही एकमेकांना बांधलेली आहेत. प्रकाशाचे अपवर्तन झाल्याशिवाय भिंगे समजत नाहीत. कार्बनी संयुगांसाठी रासायनिक अभिक्रिया आणि नववीतील संयुजा लागते. अवकाश मोहिमांतील मुक्तिवेग गुरुत्वाकर्षणातून येतो. याउलट दुसऱ्या भागातील पर्यावरणीय व्यवस्थापन, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन ही प्रकरणे मूल शेतावरच्या खोपीतही स्वतः वाचू शकते. म्हणून जाणाऱ्या मुलाच्या हाती ही तीन प्रकरणे आणि प्रत्येकी पाच प्रश्न द्यावेत आणि परत आल्यावर वर्गातील वेळ बांधलेल्या प्रकरणांवर खर्च करावा. हजर मुलाची वही उतरवून काढण्यात दोन आठवडे घालवू देऊ नयेत. त्यातून अक्षर सुधारते, बाकी काही होत नाही.

पाचवी पायरी: परिसरातील उदाहरण, आणि त्यातील सापळा

हरित ऊर्जेचे प्रकरण खानदेशात शिकवणारा शिक्षक भाग्यवान म्हणावा लागेल. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक विद्युत केंद्र आहे, साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे आणि त्याच तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. तिन्ही ठिकाणी शेवटी वीजच मिळते. मुलांना विचारावे की यांपैकी टर्बाइन कोठे नाही. कोळशाची रासायनिक ऊर्जा उष्णतेत, ती वाफेच्या साहाय्याने टर्बाइनच्या गतिज ऊर्जेत आणि ती जनित्रात विद्युत ऊर्जेत बदलते; पवनचक्कीत पहिल्या दोन पायऱ्या गळतात; सौर घटात टर्बाइन आणि जनित्र दोन्ही नसतात, प्रकाश थेट विजेत बदलतो. ही तीन साखळ्यांची आकृती एकाखाली एक काढून घेतली, तर या प्रकरणावरील अर्धे प्रश्न तिच्यातूनच सुटतात. पुढे जाणाऱ्यांना सौर घटाचे आकडे द्यावेत: सिलिकॉनच्या १ चौरस सेंटिमीटर घटातून सुमारे ३० मिलिअँपिअर धारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते. क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर केले तर धारा सुमारे ३ अँपिअर होते, विभवांतर मात्र ०.५ व्होल्टच राहते. मग जास्त व्होल्ट हवे असतील तर घट कसे जोडाल?

सापळा असा की ओळखीच्या विषयावर मूल गप्पा लिहिते. रावेर-यावलकडे टिश्यू कल्चरची केळीची रोपे प्रत्येकाने पाहिलेली असतात. ‘ऊती संवर्धन म्हणजे काय?’ या प्रश्नाला एका मुलाने दहा ओळींत रोपाचा भाव, लागवडीचे अंतर आणि ठिबक लिहून काढले. शेतकरी म्हणून त्याचे उत्तर निर्दोष होते, पण गुण शून्य. हवे होते ते एवढेच: शरीराबाहेर, पोषक आणि निर्जंतुक माध्यमात पेशींची किंवा ऊतींची वाढ करणे म्हणजे ऊती संवर्धन. नेटशेडमध्ये रोपे बाहेरच्या हवेला सरावतात हे त्याला माहीत होते, त्याला वडील हार्डनिंग म्हणतात हेही माहीत होते. पुस्तकातील कठिणीकरण हा शब्द त्या अनुभवाला चिकटवण्याचे काम मात्र माझे होते आणि ते मी केलेले नव्हते. म्हणून परिसरातील प्रत्येक उदाहरणानंतर ‘आता हेच पेपरात एका वाक्यात लिहा’ असे सांगितल्याशिवाय तास संपवू नये.

सहावी पायरी: पेपरचा आराखडा मुलाच्या हाती देणे

विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन्ही भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि दोन तासांचे आहेत. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. प्रत्येक पेपरात पहिल्या प्रश्नाला १० गुण असतात: पाच बहुपर्यायी आणि पाच एका वाक्यातील, म्हणजे सहसंबंध, वेगळा घटक, चूक की बरोबर या जातीचे. दुसऱ्या प्रश्नात तीनपैकी दोन शास्त्रीय कारणांना ४ आणि पाचपैकी तीन उपप्रश्नांना ६ गुण. तिसऱ्यात आठपैकी पाच उपप्रश्न, प्रत्येकी ३ असे १५ गुण. चौथ्यात दोनपैकी एक, ५ गुण.

एकशेवीस मिनिटांत चाळीस गुण, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. हे प्रमाण मुलांच्या तोंडी बसले पाहिजे: तीन गुणांच्या उत्तराला नऊ मिनिटे झाली की थांबायचे आणि पुढच्या उत्तराकडे वळायचे. पहिला प्रश्न मात्र पंधरा मिनिटांत उरकला पाहिजे, त्यातून वाचलेली पंधरा मिनिटे शेवटी तपासणीसाठी राहतात. ज्यांच्या नावापुढे ‘वे’ आहे, त्यांना पूर्ण पेपर पुनःपुन्हा लिहायला लावण्याऐवजी फक्त तिसरा प्रश्न पंचेचाळीस मिनिटांत लिहिण्याचा सराव द्यावा. वेळ बहुधा तेथेच सांडतो.

येथेही सर्वांना एकच सल्ला देऊ नये. अनुत्तीर्ण होण्याची धास्ती असलेल्या मुलाने पहिला प्रश्न, शास्त्रीय कारणे आणि दुसऱ्या भागातील आकृत्या यांवर भर द्यावा; पाच गुणांच्या प्रश्नाच्या मागे लागून त्याने तीन गुणांची दोन उत्तरे घालवू नयेत. मधल्या गुणांवर अडकलेल्या मुलाचा खरा पेपर तिसरा प्रश्न हाच आहे, आणि त्याला शिकवायची गोष्ट म्हणजे निवड. आठही उपप्रश्न आधी वाचायचे आणि सोडायचे तीन प्रथम खोडायचे. मग पाच लिहायला घ्यायचे. चाळीसच्या जवळ जाणाऱ्या मुलाचे गुण संकल्पनेत जात नाहीत, ते एकक, बाण आणि नावे द्यायचे राहून गेल्यामुळे जातात, तेव्हा त्याला आणखी अवघड प्रश्न देत बसण्यापेक्षा त्याची लिहिलेली उत्तरे त्याच्याकडूनच तपासून घ्यावीत.

सातवी पायरी: उत्तराचा सांगाडा

शास्त्रीय कारणाला तीन दुवे लागतात: तत्त्व, या उदाहरणात काय घडते, आणि त्याचा परिणाम. ‘सोडिअम केरोसीनमध्ये ठेवतात’ हे घेऊ. सोडिअम अतिशय क्रियाशील आहे, हे तत्त्व. कक्ष तापमानालाही हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्याशी त्याची अभिक्रिया होऊन ते पेट घेऊ शकते, हे घडणे. केरोसीनशी मात्र त्याची अभिक्रिया होत नाही आणि ते त्यात बुडून राहिल्याने हवेशी संपर्क तुटतो, म्हणून ते केरोसीनमध्ये ठेवतात, हा परिणाम. ‘ल’ गटातील मुले पहिला दुवा लिहितात आणि थांबतात. त्यांना दर वाक्यानंतर ‘मग काय होते?’ असे समासात लिहायला लावावे. महिनाभरात तो प्रश्न समासातून मनात जातो.

उदाहरणांसाठी भिंगांचा एक नमुना देतो. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर १० सेंटिमीटर आहे, वस्तू भिंगापासून १५ सेंटिमीटरवर आहे, तर प्रतिमा कोठे मिळेल? कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर उणे १५ आणि बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर अधिक १०. दिलेले आकडे चिन्हांसह सर्वांत आधी वेगळे लिहायचे, कारण ‘ग’च्या निम्म्या चुका येथेच होतात. मग सूत्र: १/प्रतिमेचे अंतर = १/नाभीय अंतर + १/वस्तूचे अंतर. किमती घातल्या की १/१० − १/१५ = १/३०, म्हणून प्रतिमा ३० सेंटिमीटरवर, भिंगाच्या दुसऱ्या बाजूला. विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, ३० भागिले उणे १५, अर्थात उणे २: प्रतिमा वास्तव, उलट आणि दुप्पट. सूत्र, किमती आणि एककासह उत्तर या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र गुण असतो, त्यामुळे शेवटची वजाबाकी चुकली तरी आधीचे गुण राहतात, हे मुलांना स्पष्ट सांगावे. सूत्र न लिहिता थेट आकडे मांडणारे हुशार मूल येथेच फसते.

ज्यांना हे बीजगणित जड जाते, त्यांनी हेच उदाहरण आलेखाच्या कागदावर दोन किरण काढून सोडवावे; प्रतिमा ३० वरच पडते आणि सूत्रावर विश्वास बसतो. ज्यांना ते सोपे जाते, त्यांना वस्तू १५ ऐवजी ५ सेंटिमीटरवर ठेवायला सांगावी. १/१० − १/५ = −१/१०, म्हणजे प्रतिमा उणे १० सेंटिमीटरवर, वस्तूच्याच बाजूला, आणि विशालन अधिक २. दुप्पट प्रतिमा दोन जागी मिळाली: एकदा उलटी, पडद्यावर घेता येणारी आणि एकदा सुलटी, घेता न येणारी. जळगावच्या सराफ बाजारात सोनार डोळ्याला भिंग लावून दागिना पाहतो तेव्हा यांतील कोणती प्रतिमा पाहत असतो, एवढा प्रश्न विचारून मी ती मुले सोडून देतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी बाजारात जाऊन विचारून आलेले असते.

आकृत्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर पेन्सिल, उजव्या बाजूला एकाखाली एक नावे, आणि किरणाकृतीत प्रत्येक किरणावर बाण. बाण नसलेला किरण ही नुसती रेघ असते. फरक विचारला असेल तर मुद्द्यासमोर मुद्दा यावा. डावीकडे व्याख्या आणि उजवीकडे उपयोग असा तक्ता गुण देत नाही.

आठवी पायरी: तपासणी आणि सराव

उत्तरपत्रिका आठवड्याच्या आत परत द्यावी, कारण त्यानंतर मूल आपण काय लिहिले होते तेच विसरते. परत देताना सगळी चुकलेली उत्तरे पाच पाच वेळा लिहिण्याची शिक्षा देऊ नये. लाल अक्षर पाहून एकच उत्तर निवडायचे, ते नव्याने लिहायचे आणि जुन्या उत्तराशेजारी चिकटवायचे. मग मुलांना नमुना उत्तर व गुणविभागणी देऊन नाव झाकलेल्या दोन उत्तरांना गुण द्यायला सांगावे. दुसऱ्याच्या उत्तरातील राहिलेले एकक मुलाला लगेच दिसते, आणि पुढच्या वेळी स्वतःच्याही.

प्रात्यक्षिकाचे २० गुण आपसूक मिळतात असे समजून वही शेवटच्या आठवड्यात उतरवून घेण्याची सर्रास पद्धत आहे. तीच वही नीट केली असती तर तिसऱ्या प्रश्नातील आकृतीवरचे निम्मे उपप्रश्न फुकट आले असते.

पूर्ण दोन तासांचा सराव पेपर जानेवारीपासून दर शनिवारी सकाळी घ्यावा, मुख्य परीक्षेसारखाच, घड्याळ भिंतीवर ठेवून. पहिल्या दोन पेपरांत मुलांना एकच नियम घालून द्यावा: पेपर हाती आल्यावर पाच मिनिटे पेन उचलायचे नाही, फक्त वाचायचे आणि सोडायच्या प्रश्नांवर पेन्सिलने खूण करायची. शेवटची पंधरा मिनिटेही ठरलेल्या क्रमाने जावीत. आधी प्रश्नक्रमांक आणि उपप्रश्नाचे अक्षर, मग उदाहरणांतील एकके आणि चिन्हे, मग आकृत्यांची नावे आणि बाण, आणि वेळ उरलाच तर शास्त्रीय कारणांतील तिसरा दुवा. गेल्या वर्षी ‘माठ मातीचा असतो म्हणून’ असे लिहिणाऱ्या एका मुलाने सराव पेपरात या शेवटच्या मिनिटांत एक ओळ वाढवली होती, ‘ही उष्णता माठातील पाण्याकडून घेतली जाते’. शाई वेगळी होती, कारण पहिले पेन संपले होते.